चार डोकी आणि एक कॅमेरा

मी कॅमेरा बोलतोय. हो, तोच, केशकर्तनालयात पावडरच्या डब्याशेजारी तिवईवर उभा असलेला. दाढीला बसलेली माणसं मला बघितलं की पोट आत घेतात. घेऊ देत बिचारी. मी बहुतेक वेळा बंदच असतो. पण खोटं कशाला बोलू, दुसऱ्याच्या घरात डोकावायची सवय मला जन्मापासूनची. त्याच कामासाठी तर मला घडवलं.

कारखान्यात पांढरे हातमोजे घातलेल्या एका बाईने माझी काच पुसली, फुंकर मारली आणि मला खोक्यात घातलं. सोबत एक जाड पुस्तिका दिली. माझा स्वभाव कसा, मला काय झेपतं, काय झेपत नाही, सगळं त्यात लिहिलेलं. लेकीला सासरी पाठवताना आई चार गोष्टी सांगते ना, तसं. माझ्या पहिल्या मालकाने ती पुस्तिका प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेरसुद्धा काढली नाही.

तो गणिताचा मास्तर. पहिलं मूल झालं म्हणून मला आणलं, माझी चकती हिरव्या चौकोनावर फिरवली आणि म्हणाला, "आता तू बघ काय ते." हिरवा चौकोन म्हणजे सगळा कारभार माझ्याकडे. मूल रांगत होतं तोवर मी घरातला लाडका जावई. ते धावायला लागलं तेव्हा मास्तरांच्या हातात नवा फोन आला आणि माझी रवानगी कपाटात, लोकरीच्या कपड्यांखाली. चार वर्षं डांबरगोळ्यांचा वास घेत पडलो.

आता तुमच्यापासून काय लपवायचं, माझा स्वभाव थोडा अतिशहाण्यातला आहे. मला सगळं जग कसं मध्यम राखाडी असलं की बरं वाटतं. पांढरं फार दिसलं की मला वाटतं उजेड जास्त झाला, मी चित्र काळवंडून टाकतो. काळं फार दिसलं की वाटतं अंधार पडला, मी भसकन उजळवून टाकतो. काही बायका दुसऱ्याच्या स्वयंपाकात न चाखता मीठ घालतात, तसं. फोटोत हे खपून जातं, तो एका क्षणाचा खेळ. पण व्हिडिओत माझी चुळबुळ चालूच राहते आणि ती सगळ्यांना दिसते.

एके दिवशी मास्तर केस कापायला आले ते मला पिशवीत घालूनच. दुकानाच्या मालकाला सगळे वस्ताद म्हणतात. वस्तादांची थोरली लेक तेव्हा केर काढत होती. मास्तर तिला म्हणाले, "तुला व्हिडिओ काढायचाय म्हणत होतीस ना? हा घरी नुसता पडलाय. घे."

थोरलीने मला उचललं, उलटंपालटं केलं आणि पहिली गोष्ट काय केली असेल, तर पुस्तिकेची पिशवी फोडली. मला लाजल्यासारखं झालं.

दुकानात दोन खुर्च्या. एक वस्तादांची. दुसरी त्यांच्या धाकट्या भावाची होती, पण तो ट्रक चालवायला लागल्यापासून तिच्यावर चादर घातलेली. थोरलीचा डोळा त्या खुर्चीवर. गल्लीतल्या बायकापोरांचे केस ती घरी कापायचीच, आणि छान कापायची. पण वस्तादांचं एकच पालुपद.

"लोक आपली मान आपल्या हातात देतात, पोरी. खेळ नाही हा. तुला येतं हे आधी बाहेरच्या कुणीतरी म्हणू दे. मी बाप. मी म्हटलं तर त्याला काय अर्थ?"

"आणि बाहेरच्यांनी म्हटलं तर?"

"तर चादर मी माझ्या हाताने काढीन."

बाहेरचं म्हणजे केस कापायला शिकवणारी एक मोठी संस्था. जागा बारा. अर्जासोबत व्हिडिओ पाठवायचा. बारा मिनिटांच्या आतला, एकसलग, मध्ये कुठेही न तोडलेला. गिऱ्हाईकाचा चेहरा, कापणाऱ्याचे हात आणि कापलेल्या केसांची टोकं स्पष्ट दिसली पाहिजेत. मुदत तीन आठवडे.

यातली मेख तुमच्या लक्षात आली का? गाणं चुकलं तर परत म्हणता येतं. केस एकदा कापले की कापले. म्हणजे व्हिडिओ बिघडला की एक डोकं गेलं.

पहिलं डोकं मामाचं. मामाने स्वतःच्या लग्नासाठीही वाढवले नसतील इतके केस भाचीसाठी वाढवले होते. थोरलीने मला आरशासमोर उभं केलं, चकती हिरव्या चौकोनावर, आणि मामाच्या गळ्याभोवती पांढरंशुभ्र कापड झटकलं. झालं! एवढं पांढरं बघून मी घाबरलो आणि सगळं काळवंडून टाकलं. ती मधे आली, तिचा काळा सदरा दिसला, मी उजळवलं. ती बाजूला झाली, परत काळोख. बारा मिनिटं माझं हेच.

मामाने व्हिडिओ बघितला. "अगं, हा मी आहे की विझलेली चूल?"

"मामा, हलू नका म्हटलं होतं."

"मी कुठे हललो? उजेड हलतोय!"

बरोबर होतं त्याचं. थोरली पुस्तिका घेऊन बसली. दोन दिवसांनी तिने माझी चकती हिरव्या चौकोनावरून काढली आणि कारभार स्वतःच्या हातात घेतला. मला राग आला, पण मनात कुठेतरी हायसंही वाटलं.

दुसरं डोकं शेजारच्या शिंप्याचं. त्या दिवशी दारातून ऊन थेट आत येत होतं. उजेड कमी करायला तिने माझं शटर, म्हणजे माझी पापणी, वेगात पळवलं, एक उघडझाप सेकंदाच्या हजाराव्या भागात. उजेड आटोक्यात आला खरा, पण कात्री उचक्या लागल्यासारखी दिसायला लागली. हात इथून निघाला आणि एकदम तिथे. वर ट्यूबलाइटचे पट्टे शिंप्याच्या टकलाकडे निघालेल्या कपाळावरून सरकत राहिले.

शिंपी म्हणाला, "मशीनवर सुद्धा मी एवढे तुटक टाके घालत नाही, बाई."

पुस्तिकेत पुढच्याच पानावर लिहिलं होतं. सेकंदाला पंचवीस चित्रं घेत असाल तर शटर त्याच्या दुप्पट, म्हणजे सेकंदाच्या पन्नासाव्या भागावर ठेवा आणि त्याला हात लावू नका. उजेड कमीजास्त करायचा तो भिंगाच्या छिद्राने आणि आयएसओने. आयएसओ म्हणजे माझी उजेडाची भूक. जास्त वाढवली की चित्रात वाळू सांडल्यासारखे दाणे येतात. थोरलीने डोक्याला हात लावला. शिंप्याच्या डोक्याला लावायला आता काही उरलं नव्हतं.

तिसरं डोकं काकाचं, ट्रकवाल्याचं. घरातलं सगळ्यात दाट डोकं. शटर पन्नासावर, बाकी सगळं नीट. फक्त उन्हात दिसावा म्हणून तिने माझ्या पाठीवरचा पडदा पूर्ण उजळ करून ठेवला होता. पडद्यावर काका नवरदेवासारखा लख्ख. घरी संगणकावर लावलं तर कोळशाच्या कोठारात कोणीतरी कात्री वाजवतंय एवढंच कळत होतं. माझा पडदा तोंडावर गोड बोलणारा आहे, हे मला माहीत होतं. सांगणार कसं? पडद्याच्या कोपऱ्यात एक छोटा डोंगर दिसतो, चित्रात काळं किती, पांढरं किती ते दाखवणारा. तो डाव्या भिंतीला चिकटून बसला होता, म्हणजे सगळं अंधारात. तो बिचारा खरं सांगत होता, पण त्याच्याकडे कोण बघतो?

मुदतीला एक दिवस राहिला. गल्लीत वाढलेल्या केसांचा माणूस औषधाला सापडेना. तिने ज्याच्याकडे बघावं त्याने टोपी घालावी.

फक्त एक डोकं शिल्लक होतं, आणि त्याचं नाव काढायची कुणाची छाती नव्हती. वस्तादांचं. त्यांचे केस आयुष्यभर त्यांच्या गुरूने कापले. गुरू गेल्यापासून वस्ताद दोन आरसे धरून स्वतःच कापत. मागची बाजू डावीकडे उतरलेली, जुन्या छपरासारखी. सगळ्या गल्लीला दिसायचं. बोलणार कोण?

दुपारी दुकान बंद होतं. थोरली पहिल्या खुर्चीवर बसून माझ्या पडद्यावर तिन्ही व्हिडिओ परत परत बघत होती. डोळे लाल. वस्ताद जेवून आले आणि तिच्या मागे उभे राहिले. तिन्ही पूर्ण बघितले. मला वाटलं, आता म्हणतील की विषय संपला.

"मामाच्या कानामागे कात्री तिरकी धरलीस ती मुद्दाम?"

"हो. तिथे भोवरा आहे."

"हं." त्यांनी वाकून पडद्यावरची तिची कात्री पुन्हा एकदा बघितली. मग म्हणाले, "तुझ्या हातात चूक नाही. चूक ह्या डब्यात आहे."

डबा! मी चार वर्षं कपाटात काढली, पण इतका अपमान झाला नव्हता.

"डब्यात नाही हो बाबा, उजेडात आहे. मला उजेड जमत नाहीये."

"उजेड?" वस्ताद हसले. "तीस वर्षं वस्तरा चालवतोय मी. आरशाकडे तोंड करून दाढी केली तर अर्धा गाल अंधारात राहतो. मी काय करतो मग?"

थोरली खुर्चीवरून उठली. "खुर्ची फिरवता. तोंड दाराकडे."

"मग फिरव की. ती दुसरी फिरव, दाराजवळची." त्यांनी चादर काढली नाही, नुसती पाठीवर सरकवली आणि स्वतः त्या खुर्चीत बसले. "आणि ते पांढरं कापड नको. तुझा डबा बिथरतो. खालच्या खणात माझं जुनं आहे बघ."

ते कधी काळी काळं होतं म्हणे. धुवून धुवून मध्यम राखाडी झालेलं. काय सांगू तुम्हाला, ते कापड बघून मला माहेर भेटल्यासारखं झालं! थोरलीला पुस्तिकेतलं पान आठवलं. तिने मला त्या कापडाजवळ नेलं, नुसतं तेवढंच दाखवलं, माप घेतलं, आकडे पक्के केले आणि मग मला जागेवर उभं केलं. पडद्याकडे तिने ढुंकूनही बघितलं नाही. डोंगर बघितला. मधोमध, ऐसपैस बसलेला.

कात्री सुरू झाली. पाच मिनिटं सुरेख गेली. आणि सूर्यावर ढग आला.

जुना मी असतो तर धावपळ केली असती. पण आकडे पक्के होते, माझे हात बांधलेले. चित्र हळूहळू मंदावलं. थोरलीची कात्री हवेत थांबली.

वस्ताद मान न हलवता म्हणाले, "थांब. ढग जाऊ दे. घाईत कापलेलं आणि अंधारात कापलेलं सारखंच."

ती थांबली. मी चालूच होतो. आणि बारा मिनिटांचं घड्याळही.

"मागची बाजू मी नऊ वर्षं वाकडी कापतोय," वस्ताद म्हणाले. "माहीत आहे मला."

"माहीत आहे बाबा."

"कुणी बोललं नाही."

"कोण बोलणार?"

"तू बोलायचं होतंस."

"बोलले असते. खुर्ची कुठे होती मला?"

ऊन परत आलं. वस्तादांनी मान खाली घातली आणि तिच्या हातात दिली. अकरा मिनिटं चाळीस सेकंदांत नऊ वर्षांचं छप्पर सरळ झालं.

महिन्याने संस्थेचं पत्र आलं. वस्तादांनी ते उभ्या उभ्या मोठ्याने वाचलं. निवड झाली होती. खाली परीक्षकाने शेरा लिहिला होता, "हात स्थिर, उजेड नेमका. मात्र गिऱ्हाईकाने कमी बोलावे." मामा हसून हसून दोन दिवस तेच सांगत फिरला. "दाजी, संस्थेने तुम्हाला नापास केलं!"

आता थोरली शिकून आली आहे. माझ्या अंगावर ओरखडे आहेत, सांध्यांत बारीक केस अडकलेत, बॅटरी दुपारनंतर दम टाकते. तरी ती मला विकत नाही, आणि गिऱ्हाइकांसमोर मला डबाही म्हणू देत नाही.

तुमच्या कपाटात माझा एखादा भाऊबंद लोकरीच्या कपड्यांखाली पडला असेल तर त्याला बाहेर काढा. त्याची पुस्तिका एकदा तरी उघडा. आणि त्याच्या मनावर सगळं सोडू नका, बरं का. तो वाईट नसतो, पण जगात काळंही असतं आणि पांढरंही असतं, हे त्याला कुणीतरी हात धरून सांगावं लागतं.

मला मात्र आता उन्हाधुळीची काळजी नाही. दुकान बंद करताना वस्ताद स्वतः येऊन माझ्यावर चादर घालतात. तीच जुनी. खुर्चीला आता तिचं काही काम राहिलेलं नाही.