रांगेच्या पुढे

चपलेचा अंगठा नवा होता. पाटणच्या बाजारात मोच्याने तो काळ्याऐवजी तपकिरी दोऱ्याने शिवला होता आणि चालताना बोटाला घासत होता, म्हणजे पाऊल टाकलं की मंगळवार आठवायचा. शाळेची चढण चढताना क्रांतीला तो प्रत्येक पावलाला आठवला.

मंगळवारी सव्वाअकराला धरणाच्या बाजूने आधी आवाज आला — ओझ्याचा ट्रक घाट चढावा तसा — मग जमीन हलली, कौलं खडखडली, मागच्या दगडी भिंतीतून माती भुरभुरली. आणि दोनशिक्षकी शाळेतल्या तेवीस मुलांच्या क्रांतीबाई, ज्यांनी जूनपासून दर शनिवारी ‘खाली बसा, डोकं झाका, बाक धरा’ असं घोकून घेतलं होतं, त्या दारातून बाहेर पळाल्या. एकट्या. एक चप्पल उंबऱ्यात राहिली. हादरा थांबल्यावर मुलं रांगेने बाहेर आली, डोक्यावर दप्तरं धरून, अगदी शिकवल्यासारखी. सगळ्यांत पुढे चौथीतली शिवांजली होती आणि तिच्या हातात तुटलेली चप्पल. तिने ती बाईंच्या पायापाशी ठेवली — सरळ, पायात सरकवायला ठेवतात तशी — आणि बाजूला झाली. कुणी रडलं असतं, निदान हसलं असतं, तरी...

मी आटपाडीची. आमच्याकडे जमीन भेगाळते, पण हलत नाही. हे कारण तिने चार दिवस स्वतःला सांगून पाहिलं होतं. पण पाय काही आटपाडीचे नव्हते, ते तिचेच होते. नोकरी, डी.एड., आईने शिकवलेलं सगळं त्या दोन-तीन सेकंदांत गळून पडलं आणि खाली जे उरलं ते फक्त पळालं.

मुख्याध्यापक नाथाजी गुरुजी त्या दिवशी बैठकीला गेले होते. आज ते ओट्यावरच उभे होते, हातात कागद घेऊन. “तालुक्याहून मॅडम येतायत. सराव बघतील, भिंत बघतील. हे वाचा.”

‘शिक्षिकेने प्रसंगावधान राखून सर्व विद्यार्थ्यांना सुखरूप बाहेर काढले.’

“गुरुजी, मी...”

“तीन वर्षं अर्ज करतोय. त्या मागच्या भिंतीला लोखंडी पट्टे बसले नाहीत तर पुढच्या मोठ्या हादऱ्याला ती आत येणार, पोरांवर. तिच्या भेगेकडे कुणी बघत नाही, बाई. धाडसाची गोष्ट असली तर निदान वाचतात.”

तिने कागद परत दिला. गुरुजींना ठाऊक आहे का? ते कागदाची घडी घालत होते, फार काळजीपूर्वक.

मॅडम आल्या. शिट्टी झाली, मुलं बाकांखाली गेली, रांगेने बाहेर आली. क्रांती शेवटी निघाली. आज सगळ्यांत शेवटी निघणं किती सोपं होतं. मॅडमनी भेगेचे फोटो घेतले, मग मुलांसमोर उकिडव्या बसल्या. “मंगळवारी बाईंनी काय केलं?”

पोषण आहार शिजवणारी हरणाबाई चुलीपाशी तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला. क्रांतीला वाटलं, आता सांगतील. सांगू देत. सुटू दे मला.

“बाईंनी आमाला बाकाखाली घातलं,” शिवांजली म्हणाली. “मग समद्यांच्या मागनं भाईर आल्या.”

“व्हय,” बाकीच्यांनी माना हलवल्या. इतक्या सहज... म्हणजे त्यांचं आपापसात आधीच ठरलं होतं. कधी? कुठे? कुणाच्या अंगणात बसून या मुलांनी मला वाचवायचं ठरवलं?

मॅडम गेल्यावर ती चुलीपाशी जाऊन उभी राहिली.

“तुम्ही सांगितलंत पोरांना असं बोलायला, मावशी?”

“म्या कशाला सांगू? माझ्याम्होरनंच पळालासा की तुमी.” हरणाबाईने ताटातला खडा फेकला. “सदुसष्टच्या भुकंपाला मी सा वर्साची हुते. आय आमच्या धाकट्याला आणाया परत आत गेली. दोगंबी न्हाई आली. पळणाऱ्याला मी नावं न्हाई ठेवत, बाई. पर पोरांनी खोटं बोलावं, हे बरं न्हाई झालं.”

दुपारी ती भागाकार शिकवत होती. खडू फळ्यावर असतानाच घुमल्यासारखा आवाज आला, खिडकीची कडी किणकिणली. तिने टेबलाची कड धरली. आवाज वळणावरून पुढे गेला. ट्रकच होता, खडीचा. ती जागची हलली नव्हती — पण ती थांबली होती, की पाय उचललेच नव्हते, हे तिचं तिला सांगता येईना.

मग तिने वर्गाकडे पाहिलं. तिच्याकडे कुणीच बघत नव्हतं. सगळी मुलं शिवांजलीकडे बघत होती, आणि शिवांजलीने शेजारच्या पहिलीतल्या पोरीचं मनगट आधीच घट्ट धरलं होतं, नजर छताच्या वाशांवर.

क्रांतीला हायसं वाटलं. चार दिवसांत पहिल्यांदाच, छातीतून काही उतरल्यासारखं — आपण नसलो तरी कुणीतरी आहे. मग ते हायसं वाटणं तिला कळलं, नऊ वर्षांच्या मुलीवर सगळं सोपवून मोकळं झालेलं... आणि मंगळवारीसुद्धा वाटली नव्हती इतकी भीती तिला स्वतःची वाटली.