सातवा हात

"हात तूच वर केलास ना? खरं सांग, व्हर्ना!"

कॉल्टननं हॉकीच्या काठ्या दारातच आपटल्या. व्हर्ना बटाटे सोलत होती. तिची सुरी थांबली.

"कुणी सांगितलं?"

"अख्खं गाव सांगतंय. तीन विरुद्ध तीन झालं आणि सातवा हात तुझा. वर सगळ्यांना सांगत फिरतेस, हा माझा पोरगा म्हणून!"

पोरगा तिचा नव्हता. बाहेरगावाहून खेळायला येणारी पोरं व्हर्ना अठरा वर्षं घरात ठेवून घेत होती. कॉल्टन दहावा. पंधराव्या वर्षी आला तेव्हा महिनाभर नुसता ब्रेड चघळायचा. आता तिच्या हातचे, बटाट्याचं सारण भरलेले अठरा पिरोगी एका बैठकीत उडवायचा.

हॉकीचा संघ गावाच्या मालकीचा, आणि तो चालवणाऱ्या सात जणांच्या मंडळात व्हर्नाही होती. मंगळवारी मॅनेजरनं फळ्यावर दोन रकाने मांडले. एकीकडं दुसऱ्या संघातला प्रूट, जानेवारीपर्यंतच एकेचाळीस गोल मारलेला. दुसरीकडं त्याच्या बदल्यात द्यायची तीन पोरं. मधलं नाव कॉल्टनचं.

"हा आला तर कप आपला," मॅनेजर म्हणाला. "शेवटचा जिंकून एकतीस वर्षं झाली, मंडळी."

"ज्यांना आई होऊन मत द्यायचंय त्यांनी बाहेर बसावं," मंडळातला वेंडेल खिदळला. सगळे तिच्याकडं बघायला लागले. ती बाहेर गेली असती तर सौदा तिथंच बारगळला असता. ती उठली नाही. संघाचं हित, गावाची इज्जत, ह्या सगळ्या नंतरच्या सबबी. तिला तो कप हवा होता.

"तो माझ्यापेक्षा भारी आहे?" कॉल्टननं विचारलं.

"आहे."

"किती?"

"बराच."

तो स्टुलावर बसला. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मे महिन्यात तो मोठ्या लीगमध्ये पळणार. मी अजून तीन वर्षं इथंच राहिलो असतो."

"माहितेय रे."

"चार दिवस मला अंडी करून घालत होतीस. तोंडावर काही दिसू दिलं नाहीस. मानलं तुला!" मग त्याची नजर तळघराच्या दाराकडं गेली. खालून वॉशिंग मशीनचा आवाज येत होता. "माझ्या चादरी?"

व्हर्नानं पुढचा बटाटा उचलला.

"प्रूट इथं राहणार?"

"मॅनेजरनं विचारलंय. मी अजून हो म्हटलं नाही."

"मग म्हण की. हात वर करता येतो तुला."

तिनं बटाटा खाली ठेवला. हात ॲप्रनला पुसत राहिली, कोरडे झाले तरी.

बाहेर हॉर्न वाजला. त्यानं काठ्या उचलल्या, बॅग खांद्यावर टाकली.

"त्याला सांग, खालचा हीटर दोन लाथा घातल्याशिवाय चालू होत नाही."

"कॉल्टन, थांब ना जरा, मी तुला..."

"नको. बाकीचे दोघं गाडीत बसलेत. मला निघायला हवं आता."