त्याच्या आधी

भोक मोहरीएवढंच होतं, पण काळोखात सगळ्यांत आधी तेच दिसायचं... डोक्यावर जरा डावीकडे, कापडाच्या शिवणीखाली, पांढरंशुभ्र. प्रोजेक्टरचे तारे निळसर, पुसट. हे मात्र डोळ्यात टोचणारं. रामनाथ त्याच्याकडे बघत बसला होता. खिशात चिकटपट्टी होती. निमेशने सकाळीच बजावलं होतं, "रामनाथभाई, ते भोक आज बंद करा हां." नाही करणार. आजच्या दिवसात निमेशचं एवढं एक तरी ऐकायचं नाही असं त्याने ठरवून टाकलं होतं, आणि बावन्नाव्या वर्षी असलं काही ठरवणं पोरकट आहे हे कळत होतं म्हणून तो आणखीच चिडला होता.

मानखुर्दची शाळा, वरच्या मजल्यावरचा हॉल आणि हॉलभर फुगवलेला काळ्या कापडाचा घुमट. बाहेर पंखा घरघरत होता. तो बंद पडला की आकाश हळूहळू खाली बसतं. सहावीची मुलं कापडी बोगद्यातून रांगत आत येत होती, एकमेकांच्या पायांवर बसत होती, खिदळत होती. बारा वर्षं त्याचं हेच चाललं होतं. घुमट टेम्पोत टाकायचा, मुलुंड म्हणा, बोरिवली म्हणा, ज्या शाळेने बोलावलं तिथे पसरायचा, फुगवायचा आणि काळोख झाला की बोलायचं. बोलणं त्याचं स्वतःचं होतं. वाचनालयातली पुस्तकं वाचून, वहीत उतरवून, चुकलेलं खोडून त्याने ते बारा वर्षांत घडवलं होतं. आता हातात रिमोट दिला होता. बटण दाबून रेकॉर्डिंग लावायचं आणि गप्प बसायचं!

का, तर मुलुंडच्या एका शाळेतल्या मोठ्या बाईंनी तक्रार केली. "पोरांना माहिती मिळावी म्हणून बोलावतात ना आपल्याला? आणि आपला माणूस बोलतो, ठाऊक नाही! कसं वाटतं यार ते?" निमेश हसतहसत म्हणाला होता. धंदा त्याचा, घुमट त्याचा. शब्दसुद्धा त्याचेच, असं बहुतेक त्याला वाटत असावं.

पण ते 'ठाऊक नाही' हीच तर रामनाथची कमाई होती. विश्वाच्या सुरुवातीची गोष्ट आली की प्रत्येक खेळाला कोणीतरी विचारायचंच — काका, त्याच्या आधी काय होतं? मग तो सावकाश म्हणायचा, "ठाऊक नाही. मला नाही, आणि अजून कोणालाच नाही. तुमच्यातल्या कोणाला सापडलं तर मला येऊन सांगा." पुढे जी शांतता पडायची... चाळीस पोरांचे श्वास, कोणी चुळबुळसुद्धा करायचं नाही. त्या शांततेसाठी तो टेम्पोतले धक्के खात मुंबईभर फिरला होता.

बटण दाबलं. जाहिरातीतला असावा तसा मधाळ आवाज घुमटभर पसरला. "तेराशे ऐंशी कोटी वर्षांपूर्वी, अथांग पोकळीच्या अगदी मधोमध, एक ठिणगी पडली..." रामनाथने दात आवळले. कुठली पोकळी? कसलं मधोमध? अरे, ठिणगी पडायला आधी जागा तर हवी! जागाच तेव्हापासून ताणली जाते आहे, सगळीकडे एकदम. तिला मध्य नाही आणि आपल्याला माहीत असलेला काठही नाही. जितकं मधोमध मानखुर्द, तितकीच मधोमध ती दूरची दीर्घिका. हे सांगताना तो पीठ मळल्यासारखे हात ताणून दाखवायचा, काळोखात ते कोणाला दिसत नसत तरीही. आणि हा गाढव मधाचं बोट लावून खोटं सांगतोय, आणि पोरं आ वासून ऐकताहेत, आणि बोगद्याच्या तोंडाशी मांडी घालून बसलेला निमेश खूश होऊन मान डोलावतोय —

हा आवाज त्याच्या ओळखीचा होता. शब्द वेगळे, पण सूर तोच, कधी अडखळायचं ठाऊक नसलेला. "गणपतीच्या आधी गिरणी चालू होतली. लिहून ठेव." बाबा. काशीराम, गिरणीच्या साचेखात्यात माग चालवणारा. गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा रामनाथ नऊ वर्षांचा होता. गणपतीच्या आधी, मग दिवाळीच्या आधी, मग शिमग्याच्या आधी. मामाने साकीनाक्याच्या कारखान्यात बाबांसाठी शब्द टाकला होता. बाबा गेले नाहीत. उद्या गिरणी चालू झाली तर? आई, शेवंती, खालच्या मानेने तांदूळ निवडत राहायची, आणि बाबा रोज संध्याकाळी तितक्याच ठामपणे सांगत राहायचे. गिरणी चालू झाली नाही. चाळीस वर्षं रामनाथच्या मनात त्या माणसाबद्दल एकच राग धुमसत होता... एकदा तरी म्हणायचं होतंत, ठाऊक नाही रे पोरा. आम्ही समजून घेतलं असतं. मी तरी घेतलं असतं.

"काका, त्याच्या आधी काय होतं?"

पुढच्याच रांगेतली मुलगी. आवाज धावतच होता, ग्रह बनवत सुटला होता. रामनाथचा अंगठा रिमोटवर गेला, आणि बोगद्यापाशी निमेशने नुसती मान वर केली.

"नंतर सांगतो हां," रामनाथ म्हणाला. "आधी बघ."

खेळ संपला. पोरं रांगत बाहेर गेली. ती मुलगी मात्र थांबली. गळ्यातल्या ओळखपत्रावर नाव होतं, अक्षता.

"आता सांगा ना."

निमेश अजून तिथेच होता.

"तुमची पुढची बॅच उभी आहे ना बाहेर... मोठी झालीस की कळेल."

"पण तुम्हाला ठाऊक आहे ना?"

"हो," रामनाथ म्हणाला. "ठाऊक आहे ना!"

तिचा चेहरा एकदम सैल झाला. कोणाला तरी ठाऊक आहे म्हटल्यावर तिला आता स्वतः शोधायची गरज उरली नव्हती. ती हसली आणि बोगद्यात शिरली.

किती सोपं होतं. शब्द आपणहून आले होते, न अडखळता, त्याच ठाम सुरात. बाबा रोज संध्याकाळी दार उघडायचे तेव्हा तीन चेहरे त्यांच्याकडे वळायचे — आईचा, बहिणीचा, माझा. आणि एका वाक्यात ते चेहरे सैल व्हायचे. माझाही व्हायचा. हे मला आठवत कसं नव्हतं?

राग होता तिथेच होता, तितकाच कडक, पण इतकी वर्षं ज्याच्यावर तो ठेवला होता तो माणूस आता तिथून हलला होता.

"झकास झालं, रामनाथभाई," निमेश म्हणाला. "चला, पुढचे सोडतो."

पहिला मुलगा रांगत आत आला, वर बघून तिथेच थबकला आणि त्याने शिवणीखालच्या त्या पांढऱ्याशुभ्र ठिपक्याकडे बोट दाखवलं.

"काका, तो कुठला तारा?"

रामनाथने तोंड उघडलं, आणि बारा वर्षांत पहिल्यांदाच, आपल्या तोंडून काय निघेल याची त्याला भीती वाटली.