पहिल्या वर्गाची पाणथळ

"तू त्या पाखरं मोजायला आलेल्या मॅडमना आधी चहा पाजलास, म्हणून तुझा चिखल निवडला गेला," थोरला बांधावरूनच धाकट्या भावावर खेकसला.

"चहावर ठरायला ती काय सोयरीक आहे, दादा?" धाकटा चिखलातून पाय उपसत म्हणाला. "त्यांनी घरटी मोजली. माझ्याकडे बावीस निघाली. तुझ्याकडे गहू निघाला."

वडिलांची पाणथळ एकच होती. वाटणीत वरचा भाग धाकट्याला आला, खालचा थोरल्याला. थोरल्यानं सहा महिने खपून चर खणला, पाणी ओढ्याला काढून दिलं आणि त्या रानात घरचा वर्षाचा गहू पिकवू लागला. धाकटा पडला आळशी. त्याच्याकडे लव्हाळे आणि बेडूक होते तसेच राहिले. थोरला त्याला गावभर 'बेडूकराव' म्हणत हिंडला. आणि आता त्याच बेडूकरावाच्या दारात सरकारी जीप उभी राहत होती, आणि निम्मं गाव कुंपणाला रेलून बघत होतं. थोरल्याच्या पोटात दुखायला लागलं ते तेव्हापासून.

एकदा त्यानं मोजणीवाल्या मॅडमना गाठलंच. काठीला आरसा बांधून त्या लव्हाळ्यातल्या घरट्यांत डोकावत होत्या.

"एखादी जागा महत्त्वाची ठरते कशावरून?"

"पाखरू दुर्मिळ पाहिजे. आणि नुसतं येऊन बसलेलं चालत नाही, तिथं पिल्लं वाढवली पाहिजेत. अशी वीस जोडपी, सलग दोन वर्षं. मग पहिला वर्ग आणि कायद्याचं संरक्षण."

"म्हणजे धाकट्याचं अजून पक्कं नाही?"

"अजून एक मोजणी आहे."

थोरला घरी आला तो पोती शोधतच. मातीनं भरलेल्या चाळीस पोत्यांनी त्यानं स्वतःच खणलेला चर बुजवला. पंधरा दिवसांत गव्हाच्या रानात मांडीएवढं पाणी चढलं. मग त्यानं ओढ्याकाठचे लव्हाळे उपटून आणले आणि रोपं लावावीत तसे ओळीनं लावले.

"स्वतःचं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करताय," बायको म्हणाली. "संरक्षण म्हणजे काय, ते तरी विचारलंत का?"

"त्यात काय विचारायचं? संरक्षण म्हणजे राखण. सरकार आपल्या रानाची फुकट राखण करणार."

पाखरांना खोल पाणी आवडलं. खाली कोल्ह्याची भीती नव्हती. पुढच्या मोजणीत थोरल्याकडे चोवीस घरटी निघाली, धाकट्याकडे तीन. त्या रात्री थोरला वर्षभरात पहिल्यांदा गाढ झोपला. त्याच्या पुढच्या वर्षी त्याच्याकडे सव्वीस, धाकट्याकडे एकही नाही. घरात गहू विकतचा येत होता, पण थोरला गावातून मान ताठ करून चालत होता.

रानात पहिल्या वर्गाची सरकारी पाटी रोवायच्या दिवशी त्यानं सगळ्या गावाला चहा पाजला. लोक पांगल्यावर मॅडमनी कागद वाचून दाखवला.

"आता इथं नांगर घालायचा नाही. खत नाही, चर उकरायचा नाही, लव्हाळे कापायचे नाहीत."

"किती दिवस?"

"दिवस कसले? कायमचं. तुमच्यामागं मुलांनाही हेच लागू."

थोरल्यानं बांधापलीकडं बोट केलं. "आणि धाकट्याचं रान?"

"ते यादीतून काढलं. त्यांना हवं ते पेरू देत."

बापाच्या काळापासून पडून असलेली ती काळी माती. धाकट्यानं आळस झटकला, लव्हाळे काढले, नांगर घातला. निचऱ्याचं पाणी खाली थोरल्याकडे सोडलं. ते अडवायलाही आता मनाई होती. थोरला रोज बांधावर जायचा. कमरेएवढा गहू बघायचा आणि जळत परत यायचा.

सुगीत धाकट्यानं एक पोतं आणून दारात ठेवलं. "दादा, पहिलं माप तुझं," एवढंच म्हणून तो गेला.

बायकोनं पोत्याचं तोंड सोडून मूठभर दाणे हातावर घेतले. "बघा तरी, किती टपोरा आहे."

"आपल्या रानात याहून टपोरा यायचा," थोरला म्हणाला, आणि पोतं पाठीवर घेऊन आत गेला.