अठ्ठावन्नावा दिवस

"साहेब, हा भाव फक्त आजच्यापुरता. कार्डाचा नंबर सांगा, दोन मिनिटांत तुमचा विमा चालू," फोनवरचा माणूस म्हणाला.

व्हर्लिन टोस्ट्रुडने पाकीट काढलेही होते. तेवढ्यात समोर बसलेल्या आर्डिसने, त्याच्या मेहुणीने, फोन ओढून घेतला.

"याचं हृदय मधूनच ताल सोडतं. रक्त पातळ ठेवायची गोळी रोज लागते. ती बसते का तुमच्या विम्यात?"

"मॅडम, आधीपासूनचा आजार सोडला, तर बाकी सगळं..."

"मग उरलं काय? पडसं?" तिने फोन बंद केला.

व्हर्लिन मिनेसोटातल्या त्या लहान गावात घर गरम ठेवणाऱ्या भट्ट्या घरोघरी जाऊन दुरुस्त करी. थंडी सुरू झाली की लोकांना देवाआधी तो आठवे. त्याची बायको मार्लिस शाळेच्या स्वयंपाकघरात होती आणि शाळेच्या विम्यात तीस वर्षे त्याचेही नाव होते. कागद ती भरी. ती बोट दाखवेल तिथे तो सही करी. ऑगस्टच्या अखेरीस मार्लिस गेली आणि महिना संपताच विमाही गेला. नवा घ्यायला साठ दिवसांची मुदत होती. आलेली पत्रे तो न उघडता फ्रिजवर ठेवत गेला. आज अठ्ठावन्नावा दिवस होता आणि डबीत पाच गोळ्या उरल्या होत्या.

"चर्चमधली मंडळी वर्गणी काढून एकमेकांची बिलं भागवतात," तो पुटपुटला. "शेजारचा बेंट त्यातच आहे."

"बेंट घोड्यासारखा धडधाकट आहे. आणि ती मदत झाली, विमा नव्हे. दिली तर दिली. ऊठ, लायब्ररीत एक बाई बसते, विम्याचं सगळं फुकट समजावून सांगते."

"परक्या बाईपुढे कुठं रडगाणं गाऊ?"

"गाऊ नकोस. नुसतं बोल. तेवढंही तुला जड जातं, ठाऊक आहे मला."

लायब्ररीतली बाई म्हणजे होदान, डोक्याला निळा रुमाल बांधलेली एक तरुण सोमाली मुलगी. तिने त्याचा भट्टी-दुरुस्तीचा धंदा, गोळीचे नाव आणि डॉक्टरांचे नाव आधी कागदावर लिहून घेतले, मग कॉम्प्युटर त्याच्याकडे वळवला.

"घरात माणसं किती, काका?"

व्हर्लिन पडद्याकडे बघत राहिला.

"एक," तो म्हणाला.

होदानने तो आकडा हलकेच दाबला.

सगळ्यात स्वस्त विम्यात त्याचे डॉक्टर नव्हते. दुसऱ्यात डॉक्टर होते, पण गोळी नव्हती. व्हर्लिन टोपी चुरगळू लागला.

"जमत नसेल तर राहू दे, पोरी."

"काका, बंद भट्टीसमोरून तुम्ही असेच उठून जाता का?" होदान हसली. "हा तिसरा बघा. डॉक्टर आहेत, गोळीही आहे. आधीचा आजार इथं कुणी विचारत नाही. आणि तुमच्या कमाईवर सरकारची सवलत बसते. एक तारखेपासून चालू."

"एक तारीख म्हणजे चार दिवस," आर्डिस बोटे मोजत म्हणाली. "आणि गोळ्या पाच!"

व्हर्लिनने यादी स्वतः वाचली, पुन्हा वाचली. मग खुर्चीला पाठ टेकून त्याने इतका लांब श्वास सोडला की पलीकडे पेपर वाचणाऱ्या म्हाताऱ्याने मान वर केली. त्या दुपारी उपाहारगृहात त्याने भाजलेल्या मांसाची अख्खी थाळी संपवली आणि आर्डिसच्या ताटातला बटाटाही उचलला. तिने ताटच त्याच्याकडे सरकवले. दोन महिन्यांत तो पहिल्यांदाच पोटभर जेवत होता.

एक तारखेला तो औषधांच्या दुकानात गेला. काउंटरवरच्या मुलीने नवा नंबर घातला, गोळ्यांची पिशवी पुढे केली.

"झालं, मिस्टर टोस्ट्रुड. तुमच्या खात्यावर आणखी एक नाव दिसतंय. तेही राहू द्यायचं का?"

मागे रांग होती. व्हर्लिनने पिशवीची घडी घातली.

"काढ," तो म्हणाला. "पण आधी एकदा वाच. पूर्ण."

मुलीने त्याच्याकडे पाहिले. मग पडद्याकडे वळून, एकेक अक्षर नीट उच्चारत तिने वाचले, "मार्लिस आयरीन टोस्ट्रुड."

व्हर्लिनने टोपी काढून हातात धरली होती. ती डोक्यावर घालून तो बाहेर पडला. तीन घरांच्या भट्ट्या अजून दुरुस्त व्हायच्या होत्या.