भिंतीपलीकडून येणारी हाक

"समुद्रावर आलीस तर समुद्राकडे बघ, पोरी. बायकांकडे बघायला लागलीस तर जाताना कडेवर नुसतं तुझं पोर नसेल."

सिओरा, म्हणजे तिकडच्या बोलीत बाई, ओंदीनानं हे मला पहिल्याच दिवशी ऐकवलं होतं. मी हसले. म्हटलं, मी प्रवासाची वही लिहिते, मला कुणाचं काय उचलायचंय. ऐंशीच्या घरातली, रापून चामड्यासारखी झालेली ती बाई पत्ते पिसत राहिली. पत्त्यांत ती सर्रास लबाडी करायची आणि ते सगळ्या किनाऱ्याला माहीत होतं.

मी इटलीतल्या त्रिएस्तेला आले होते ती एलिओच्या छातीसाठी. नऊ महिन्यांचं माझं बाळ वसंतभर घुरघुरत होतं, डॉक्टर म्हणाले समुद्राची हवा द्या. नवरा कामासाठी घरी, ऊदिनेलाच राहिला. मावशी उन्हाळ्यात डोंगरात जाते, तिचं घर रिकामं होतं. लहानपणीचे कितीतरी ऑगस्ट मी त्या घरात काढलेत. तरी वही घेतली. इतिहास शिकत असल्यापासूनची सवय, गाव बदललं की वही उघडायची. सुरुवातीची पानं तशीच आहेत: जुन्या बंदरातली कुलपं लागलेली गोदामं, बोरा वारा सुटला की दोर बांधायला भिंतींत ठोकलेल्या कड्या, कॉफी चुकीच्या नावानं मागितली म्हणून तोंड फिरवणारा वेटर.

मग मी भिंतीच्या किनाऱ्यावर जायला लागले आणि वहीत गाव उरलं नाही.

या किनाऱ्याला फाटक एक, तिकीट एक. आत शिरलं की एका अंगाला पुरुष, दुसऱ्या अंगाला बायका. मधली पांढरी भिंत माणसाच्या दुप्पट उंच आणि थेट पाण्यात उतरलेली. बारा वर्षांच्या आतली मुलं आईबरोबर बायकांच्या बाजूला येतात. ही भिंत पाडा म्हणणारे सगळे परगावचे. इथल्या बायका तिच्यासाठी भांडतील, कारण तिच्या अलीकडे पोट सोडून बसता येतं, उघड्या अंगानं पडता येतं, नवऱ्याबद्दल बोलता येतं. पलीकडून हाका येत असतात. गाडीची चावी कुणाकडे आहे, पीचचं फळ फेक एक, जेवायला काय केलंयस. कुणी ओरडून सांगतं, "काल तू केलंस तेच, पण मीठ घालून," आणि दोन्हीकडे हसू उसळतं.

मी खडे आणि गांधीलमाश्या यांच्यामधून एलिओला सांभाळत बसायची. तो झोपला की त्याच्या छातीवर हात ठेवून श्वास बघायची आणि दुसऱ्या हातानं लिहायची. शेजारच्या टॉवेलवर नेरीना असे. पस्तिशीची, कृश, पाण्यातसुद्धा लांब बाह्यांचा सदरा घालणारी. तिचा मुलगा देनिस किनाऱ्यावर खेकडे शोधत असायचा. भिंतीपलीकडून तिचा नवरा, फुल्व्हिओ, हाक मारायचा: नेरीना! ही म्हणायची, इथेच. थोड्या वेळानं पुन्हा. बायका चेष्टा करायच्या, लग्नाला इतकी वर्षं झाली तरी करमत नाही हो याला. नेरीनाही हसायची. पण ती कधी आडवी झाली नाही, कधी लांब पोहायला गेली नाही, आणि हाक पुरी व्हायच्या आत तिचं उत्तर गेलेलं असे. एकदा सदरा पिळताना बाही वर सरकली. दंडावर बोटांचे ठसे होते, काही जांभळे, काही पिवळे पडत चाललेले.

ओंदीना पत्त्यांवरची नजर न काढता म्हणाली, "दिसलं? आता विसर."

मी विसरले नाही. नेरीनाला ते कळलं असावं. एका सकाळी तिनं एलिओला मागून घेतलं आणि त्याला झुलवत, जणू त्याच्याशीच बोलतेय अशा आवाजात मला सगळं सांगितलं. कामावर तोच सोडतो, तोच आणतो. देनिसला शाळेतूनही तोच. कागदपत्रं त्याच्या कपाटात. अख्ख्या जगात एवढा एकच तुकडा असा आहे की जिथे तो तिला बघू शकत नाही, आणि इथे मुलगा तिच्या हाताशी असतो. येत्या गुरुवारी तिची बहीण लोरेदाना सीमेपलीकडच्या कोपेरहून गाडी घेऊन मागच्या रस्त्यावर येणार होती. आइसक्रीमला निघाल्यासारखं मायलेकांनी फाटकातून बाहेर पडायचं. पलीकडून हाक आली की ओंदीना सांगणार, ती पाण्यात आहे. म्हणजे चेष्टा करणाऱ्या त्या सगळ्यांना माहीत होतं.

मी विचारलं, गुरुवारी देनिसला बारा पूर्ण होतात ना? मग तो या बाजूला कसा?

ती पहिल्यांदाच मोकळं हसली. फुल्व्हिओला स्वतःच्या मुलाचा वाढदिवस आजवर एकदाही आठवलेला नव्हता. देनिस अंगानं लहानखुरा, आणि इथे वय कुणी विचारत नाही. तेराचौदाची पोरं आईच्या मागून आत शिरतात. लोरेदानाला सुट्टीही त्याच दिवशी मिळत होती.

गुरुवारी फाटकाच्या रांगेत मी त्यांच्या मागेच होते, बाबागाडी घेऊन. फुल्व्हिओ गुळगुळीत दाढी करून आला होता. त्याचा हात देनिसच्या मानेवर होता. खिडकीशी पोचल्यावर तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आजपासून याला पुरुषांत सोडायचं. बारा पूर्ण झाली."

तिकीटवाला खुर्चीतून उठला. खिडकीतून हात बाहेर काढून त्यानं देनिसशी हस्तांदोलन केलं, इथे प्रत्येक मुलाशी करतात तसं. रांगेनं टाळ्या वाजवल्या. एका म्हाताऱ्यानं आपली टोपी त्याच्या डोक्यावर ठेवली आणि म्हणाला, सुटलास बाबा बायकांच्या कटकटीतून. देनिस लाल झाला. त्याला आनंद झाला होता, आणि तो आईकडे बघत होता. नेरीना टाळ्या वाजवत होती. मीही वाजवल्या; न वाजवून कसं चाललं असतं?

फुल्व्हिओ वळून मला म्हणाला, "वहीवाल्या बाई, हे लिहा तुमच्या वहीत."

आत येऊन नेरीना टॉवेल न अंथरता खड्यांवर बसली. ओंदीनानं पत्ते खाली ठेवले. मी तिला डाव मोडताना कधी पाहिलं नव्हतं. "तू जा," ती म्हणाली. "पोराला मागाहून कोर्टातून आणता येईल."

"मागाहून म्हणजे तोवर त्या घरात तो एकटा," नेरीना म्हणाली.

मी एलिओला उचललं आणि फाटकाशी जाऊन तिकीटवाल्याला विनवलं, मुलाला जरा या बाजूला बोलवा, आम्ही केक आणलाय. भला माणूस होता. म्हणाला, कालपर्यंत चाललं असतं बाई, आज एवढ्या लोकांदेखत मोठा झालाय तो, केक भिंतीवरून द्या. मग मी मागच्या रस्त्यावर गेले. लोरेदाना गाडी चालू ठेवून बसली होती. मी सांगितलं तेव्हा तिनं आधी मागच्या सीटकडे पाहिलं. तिथे मुलाच्या मापाचं एक नवं जाकीट होतं.

"तिला ओढून आणा," ती म्हणाली. "झिंज्या धरून आणा. मी आयुष्यभर तिला हेच सांगतेय, ये, नुसती ये. मुलाचं बघू आपण." मग तिनं गाडी बंद केली आणि स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. मी परत फिरले.

किनाऱ्यावर पोचते तोच पलीकडून हाक आली. आज ती देनिसची होती.

"मम्मा! आहेस ना?"

त्याच्या आवाजाखाली दुसरा, खालच्या पट्टीतला आवाज होता. शब्द कळत नव्हते. ओंदीना ठरल्याप्रमाणे उभी राहिली, तोंड उघडलं, आणि नेरीनानं तिच्या दंडावर हात ठेवला. फुल्व्हिओला खोटं सांगता आलं असतं. पण आता उत्तर आलं नाही तर त्याच्या हाताशी मुलगा होता.

"इथेच आहे, बाळा," नेरीना म्हणाली.

नंतर दुपारभर तेच. हाक आणि उत्तर, हाक आणि उत्तर. कुणी चेष्टा केली नाही. लोरेदानाची गाडी ऊन उतरेपर्यंत रस्त्यावर होती, असं मला नंतर कळलं.

निघताना फाटकाशी मायलेक समोरासमोर आले. देनिसच्या डोक्यावर अजून म्हाताऱ्याची टोपी होती. नेरीना ती काढून त्याचे केस सारखे करायला लागली, तेव्हा तो आईला म्हणाला, "बाबा म्हणाले मी त्यांच्यापेक्षा छान हाक मारतो. आता रोज मीच मारणार."

त्यानंतर ती तिघं किनाऱ्यावर आलीच नाहीत. मी मात्र रोज जात राहिले. पोलिसांना फोन केला. ज्या सभ्य माणसानं तो घेतला त्यानं विचारलं, बाईंनी स्वतः तक्रार केली आहे का? मी म्हटलं, नाही, पण खुणा मी बघितल्यात. तो म्हणाला, कुणाला तरी पाठवतो. पाठवलंही. त्याच इमारतीतल्या एकीनं ओंदीनाला सांगितलं की फुल्व्हिओनं त्यांना कॉफी करून दिली, नेरीना शेजारी बसून होती, आणि ते आभार मानून गेले. लोरेदाना फोन करते तो देनिस उचलतो. म्हणतो, मम्मा झोपलीय, आणि ठेवतो. ती दोनदा दाराशी जाऊन आली, दोन्ही वेळा फुल्व्हिओनं तिला जिन्यावरून हाकललं.

मला परत यावं लागलं. एलिओची छाती आता स्वच्छ आहे. तरी त्याच्या खोलीतून आवाज आला नाही की मी उठून जाते. तो उद्या बोलायला लागेल, मला हाक मारेल, आणि ती हाक त्याला कोणी शिकवलेली असेल याचा मी विचार करत बसते.

वहीतली पानं काढून हे लिहिलं आहे. नावं बदलली आहेत, ओंदीनाचं सोडून. तीच म्हणाली, माझं राहू दे, मला कोण काय करणार. नेरीनाच्या घरापर्यंतचे जिने तिच्यानं चढवत नाहीत. तुमच्यापैकी कुणी त्या गावी गेलंच, तर भिंतीच्या किनाऱ्यावर बायकांच्या बाजूला तिला विचारा, ती घर सांगेल. सकाळी जा, फुल्व्हिओ कामावर असतो. काहीही मागा, मीठ, पत्ता, ग्लासभर पाणी. दार मुलगा उघडेल. तो फार सभ्यपणे सांगेल की आई झोपली आहे. तेवढ्यावर परत फिरू नका. म्हणा, मी थांबते. आणि तिला तुमच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय तिथून हलू नका.