घडाने वाकलेलं झाड

संघमित्राचं पत्र नोव्हेंबरात आलं होतं. लीलाधर सरांनी ते इंग्रजी शब्दकोशात, ‘वे डाउन’च्या पानावर ठेवलं आणि मे सरत आला तरी उत्तर काही गेलं नव्हतं.

संघमित्रा त्यांची जुनी विद्यार्थिनी. आता धुळ्याच्या एका शाळेत इंग्रजी शिकवायची. ‘वे डाउन’ म्हणजे ओझ्याने वाकवणं, हे सांगताना तिने फळ्यावर घडाने वाकलेल्या केळीचं वाक्य लिहिलं. मुख्याध्यापकांनी ते मुलांदेखत पुसलं. हे काळजीने दबलेल्या माणसाबद्दल म्हणतात, झाडाबद्दल नाही, असं म्हणाले. “सर, हे उदाहरण तुम्हीच आम्हाला दिलं होतं,” तिने लिहिलं होतं. “बरोबर असेल तर दोन ओळी लिहून द्या, मी त्यांना दाखवीन. नाहीतर जूनपासून इंग्रजीचे तास सोडून देईन म्हणते.”

सरांनी तीन कोश पाहिले. तिन्ही तिच्या बाजूचे. पण मुख्याध्यापक एम.ए., आपण साधे डी.एड. जळगावच्या घरी पाच कच्ची पत्रं लिहून झाली, पाचही फाडली.

मेच्या अखेरीस ते चोपड्याला मेहुण्याकडे, तोतारामकडे गेले. तोताराम बागेत केळीला बांबूचे टेकू देत होता. एक झाड घडाने पार कललं होतं. सर बघतच राहिले.

“नाना, पाहता काय? झाड वाकेल शे. धरा बांबू!”

सरांनी बांबू धरला. “इथे रोवू? की जरा अलीकडे? तिरपा तर होत नाही?”

“ओ मास्तर, पेपर नका तपासू! तुमचा सरळ बांबू लागेस्तोवर झाड आडवं होईल.”

बांबू तिरपाच लागला. झाड मात्र थांबलं.

दुपारी सरांनी तोतारामकडून ठिबक सिंचनवाल्यांनी फुकट दिलेलं लिहायचं पॅड मागून घेतलं. लिहिलं, ‘तुझं वाक्य बरोबर आहे. काळजीने माणूस दबतो तिथे हे वापरतात आणि घडाने झाड वाकतं तिथेही. तीन कोशांतल्या नोंदी पाठ झाल्यात, त्या खाली देतो. जळगावला गेल्यावर झेरॉक्सही पाठवतो. मला हे नोव्हेंबरातच ठाऊक होतं. भीती वाटली, म्हणून लिहिलं नाही. इंग्रजी सोडू नकोस.’

एक शब्द खोडला गेला होता. पुन्हा सुवाच्य लिहून काढावं, असं मनात आलं. पण घरी नेलं की हेही फाटणार, हे ते ओळखून होते.

बस साडेचारला होती. चार वाजता त्यांनी चोपड्याच्या पोस्टात पाकीट रजिस्टर केलं आणि पावती चष्म्याच्या डबीत ठेवली.